माळावरचं विरजण

शेती-संशोधन संस्थेच्या वसाहतीतून ऑफिसात जायला दोन रस्ते होते. एक डांबरी, आंब्यांच्या रांगेतून मोठा वळसा घालणारा. दुसरी पायवाट, बियाण्याच्या शाळूतून, म्हणजे रब्बीच्या ज्वारीतून, सरळ जाणारी. वैजयंता कारंडे धनगराची लेक. डांबरी सोडून पायवाट धरायची सवय तिच्या हाडांत होती, आणि डॉक्टरेट मिळाली म्हणून काही हाडं बदलत नाहीत. पायांत वहाणाही त्याच, थोरल्या भावाने करून दिलेल्या, जाड तळव्याच्या.

पौषातल्या एका सकाळी ती अशीच निघाली. शाळू डोक्याच्या वर गेला होता, कणसं निसवली होती, पानांवर दहिवर होतं. फक्त पायवाटेच्या दोन्ही अंगांना वीतभर रुंदीची पट्टी पिवळी दिसत होती. तिथली ताटं गुडघ्याएवढीच राहिली होती. शेताचा मुकादम हणमंता बांधावर उभा होता.

"मॅडम, ह्ये तुमच्या पायांचं काम बघा," तो हसत म्हणाला. "रोज तुडवून माती दडपली. दडपल्या मातीत मुळी चालत न्हाई."

"उद्यापासून डांबरीनं जाते हो, मुकादम."

"असं रोजच म्हणताय."

दुसऱ्या दिवशी ती पायवाटेनंच गेली. पुढे शाळूची मळणी झाली, बियाण्याची पोती गोदामात गेली आणि ती पट्टी सगळेच विसरले.

तसंही वैजयंताला असल्या वीतभर पट्टीकडे बघायला वेळ कुठे होता? ती आता मोठी बाई झाली होती. वर्तमानपत्रं तिला 'माळावर जंगल आणणारी' म्हणत. जंगल आणलं कसं, ते मात्र नीट सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथेच आहे.

पृथ्वीवर कुठे वाळवंट, कुठे गवताळ रान, कुठे घनदाट जंगल आणि कुठे नुसतं शेवाळ, हे मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात: ऊन किती आणि पाऊस किती. घाटमाथ्यावर दोनशे इंच पडतो, तिथे जंगल. माणदेशात वीस इंच पडला तरी पेढे वाटतात, तिथे कुसळी गवत. पण या दोन टोकांच्या मधे मोठा पट्टा आहे, जिथे एकट्या पावसाने निकाल लागत नाही. तिथे झाडंही उभी राहू शकतात आणि गवतही. अशा जागी ठरवतात ते तिसरेच: वणवा, चरणारी जनावरं आणि माती. वणव्यात रोप जळून जातं, गवत मात्र बुडापासून पुन्हा फुटतं. मेंढरू झाडाचा कोंब खुडतं तेव्हा झाड रडतं, गवताला त्याचं काहीच वाटत नाही. हजारो वर्षं हे असं चाललं की माळ तयार होतो. तो ओसाड नसतो. जंगल व्हायच्या परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी तर तो मुळीच नसतो. पण सरकारी दप्तरात त्याला 'पडीक' हा एकच शब्द होता, आणि पडीक म्हटलं की शहाण्या माणसांचे हात शिवशिवायला लागतात.

संस्थेचे हात असेच शिवशिवले. पाऊस वाढवता येत नाही, मग माती बदलू, असं ठरलं. घाटमाथ्यावरच्या एका देवराईत वैजयंता आणि तिचे सहकारी माती आणायला गेले. म्हाताऱ्या गुरवाने सरकारी पत्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"हितली काडीबी भायेर जात न्हाई," तो म्हणाला. "तुमी तर माती न्हेताय. न्ह्या बापांनो. पर जाताना पाय पुसून जावा."

देवराईच्या हद्दीवर एक दगड होता, पिढ्यान्‌पिढ्यांच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेला. सगळ्यांनी हसत हसत त्याला पाय घासले. मातीची पोती तेवढी आधीच गाडीत चढली होती.

त्या मातीत एक बुरशी निघाली. तिचे धागे झाडाच्या मुळांना चिकटतात, मुरमाच्या भेगांत शिरतात आणि मुळाला न पोचणारं पाणी ओढून झाडाला देतात. बदल्यात झाड तिला साखर पुरवतं. गवताशी मात्र तिचं हाडवैर. गवताच्या केसासारख्या मुळांभोवती ती असा काही रस सोडते की ती मुळं भर ओलीत तहानेली राहतात. देवराईत या बुरशीला खाणारे बारीक किडे होते, त्यामुळे वीतभर पसरायला तिला दहा वर्षं लागत. प्रयोगशाळेत ते किडे काढून टाकले. मग तिने वेग धरला. दुधाला विरजण लावावं तशी ही माती चमचाभर टाकायची की पाटीभर माती लागे, म्हणून संस्थेत तिला सगळे विरजणच म्हणू लागले.

पांढरखडीच्या माळावर चाळीस एकरांना कुंपण घातलं. भोवती चर खणून चुना भरला. फाटकावर बूट धुवायचा हौद बांधला. रोपं लावून विरजण टाकलं, आणि ते काही केल्या लागेना. तीन महिने माती होती तशीच. वरून फोन यायला लागले. वैजयंताची मती गुंग झाली, आणि अशा वेळी बाईमाणसाला माहेर आठवतं. वडील म्हणायचे, मेंढरू बसल्याबिगर रान जागं व्हत न्हाई. धनगर वाटेवरच्या शेतात मुक्कामाला कळप बसवतो, लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं, शेतकरी त्याबद्दल धान्य देतो. शेकडो वर्षांची रीत ही. तिने भावाला, धुळाला, निरोप धाडला. सणाच्या सुट्टीत संस्थेचं चिटपाखरू माळावर नसताना धुळाने दोनशे मेंढरं आणून दोन मुक्काम प्लॉटात बसवली. वैजयंताही तेव्हा बूट आणि हौद विसरली. भावाने करून दिलेल्या वहाणा घालून ती कळपात फिरली, कोकरं उचलली, हौसावहिनीच्या हातची भाकरी खाल्ली. इतकं सुख तिला कित्येक वर्षांत लाभलं नव्हतं.

पंधरवड्यात विरजण लागलं. त्याला मुतातला तिखट नत्र हवा होता, एवढंच. प्रयोगाच्या वहीत तिने लिहिलं, 'लेंडीखत दिले.' ते खोटं नव्हतं. लेंड्यांबरोबर आठशे खूर आत आले होते आणि आठशे खूर बाहेर गेले होते, एवढंच लिहायचं राहिलं. चौथ्या वर्षी तिथे दोन पुरुष उंचीची झाडी उभी होती.

*

भाद्रपदात संचालक डॉ. अंबर्डेकरांनी तातडीची बैठक बोलावली. भिंतीवर गेल्या हिवाळ्यातला उपग्रहाचा नकाशा होता. पाच तालुक्यांत शाळू मेला होता. सगळा नाही, ठिपक्याठिपक्यांनी. आधीच्या वर्षीचे ठिपके दुपटीने पसरले होते आणि त्यांच्यात आता वेडी बाभूळ आणि घाणेरी यांच्याशिवाय काही उगवत नव्हतं. बियाणंवाले म्हणाले, विषाणू. पाणीवाले म्हणाले, क्षार. शेतावर मात्र एकही जण गेला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणं जोरात चाललं होतं.

"गंमत म्हणजे हे ठिपके एका रांगेत आहेत," अंबर्डेकर म्हणाले. "रोगाची अशी रांग मी पाहिली नाही. कुणाला काही सुचतंय?"

वैजयंताला सुचायची गरज नव्हती. ती रांग तिच्या ओळखीची होती. एकेक ठिपका अर्ध्या एकराचा. दोन ठिपक्यांत साताठ किलोमीटर, म्हणजे मेंढराची एका दिवसाची चाल. नदीपाशी ठिपके जवळजवळ आले होते, कारण तिथे पोचेपर्यंत गाभण मेंढ्या जड होतात आणि मुक्काम लवकर पडतो. हा खडकीचा मुक्काम. हा जगदाळ्यांचा मळा, जिथे ती सात वर्षांची असताना विंचू चावला होता. हा धुळाच्या थोरल्या पोराचा जन्म झाला तो बांध. तिच्या घराण्याची सगळी वाट भिंतीवर पिवळ्या मण्यांनी ओवून टांगली होती. मेंढरू स्वतःच विरजण टाकत गेलं होतं आणि स्वतःच त्याला खत घालत गेलं होतं.

तिच्या मनात आणखी एक विचार आला आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. ज्वारी म्हणजे शेवटी गवतच. बाजरी गवत, गहू गवत, भात गवत, मका आणि ऊससुद्धा गवत. माणसाचं ताट म्हणजे हजारो वर्षांचा माळ आहे. तो माळ मोडायचं औषध तिने मोकळं सोडलं होतं.

"काही नाही सुचत," ती म्हणाली.

"ठीक आहे. निदान एक बरं झालं," अंबर्डेकर फाईल मिटत म्हणाले. "आपल्या शेतावरचं निरोगी बियाणं आज अकरा जिल्ह्यांना रवाना झालं. शेतकऱ्यांना सांगा, घाबरू नका, आपलं बियाणं पेरा."

*

पुढच्या आठ दिवसांत तिने गुपचूप धुळाच्या कळपातल्या लेंड्या आणल्या, खुरांच्या बेचक्यातली माती खरवडून आणली. दोन्हींत विरजण जिवंत होतं. नवव्या दिवशी ती माळावर गेली. धुळाचा वाडा पांढरखडीच्या उतारावर पडला होता, म्हणजे दोन घोड्या, चार जाळ्या, तीन दगडांची चूल आणि मेंढरं. पूर्वी या उतारावर श्रावण-भाद्रपदात गुडघाभर कुसळ हलायचं. आता कुंपणापासून हाकेच्या अंतरापर्यंत जमीन उघडी पडली होती आणि बाभळीची रोपं वर आली होती.

"दादा, एक बोलायचं हाय," ती म्हणाली.

धुळा कोकराच्या पायातला काटा काढत होता. त्याने मान वर केली नाही. "जितं जितं बसवली तितं तितं रान मेलंय. त्येच ना?"

वैजयंता बघतच राहिली. "तुला ठाऊक हाय?"

"माघारी येताना त्याच मुक्कामावर उतरलो तर चाऱ्याला काडी न्हाई. येकदा झालं, दोनदा झालं. मेंढक्याला गवात कळत न्हाई व्हय?"

"मग बोललास का न्हाईस?"

"कुनाला बोलू?" त्याने आता तिच्याकडे पाहिलं. "तू येवढी शिकल्याली. म्हनलं, वैजीला ठावं असंलच. ती गप हाय म्हंजी त्यात कायतरी शानपन असंल."

तिला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही. हौसा चुलीपासून उठून आली.

"औषीदपानी न्हाई का त्येला?" तिने विचारलं. "खुरं धुवू की. रोज धुवू."

"आतड्यात बसलंय, वैनी. लेंडीतनं पडतंय. धुवून न्हाई जायाचं."

"मंग?"

वैजयंताची नजर मेंढरांवर गेली. हौसाने पदराचं टोक तोंडात धरलं आणि ती मेंढरांकडे वळून उभी राहिली.

"दसऱ्याला निघायचं व्हतं," धुळा म्हणाला. "औंदा घाट उतरून भाताच्या रानात. समद्यांच्या आदी मला बोलावनं हाय. 'जंगलवाल्या बाईच्या भावाची मेंढरं आमच्यात बसवा' म्हनत्यात. तुझ्या नावानं मान हाय मला."

"दादा, जाऊ नको."

"मी न्हाई गेलो तर थांबंल? साठ वाडे हायेत. माझ्या कळपातलं मेंढं घिऊन गेल्यात समदे. सोयऱ्याला न्हाई म्हनायची रीत न्हाई आपल्यात." त्याने कोकरू खाली सोडलं. ते लंगडत आईकडे पळालं. "तू सरकारात सांगितलंस तर समदी मारत्याल."

"व्हय."

"न्हाई सांगितलंस तर?"

"तर पाच-सात वर्षांत खायाला भाकरी ऱ्हानार न्हाई. कुनालाच."

धुळाने माळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुझ्या बारशाला आबानं तुझ्या नावानं मेंढी सोडली व्हती. डाव्या कानाला खाच. तिची पिल्लावळ आज येकतीस हाय ह्यात. तुझीच हायेत ती. सांगायचं तर सांग. पर आमी धनगरांनी पसरवलं असं सांगू नको."

"माझंच नाव सांगनार हाय," ती म्हणाली.

*

अंबर्डेकरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग उठून दार लावलं.

"वैजयंताबाई, वहीत काय लिहिलंय? लेंडीखत. मग ते लेंडीखतच होतं. पुढच्या महिन्यात आणखी तीन राज्यांशी करार आहेत. तुमच्या एका वाक्याने संस्था बुडेल, तुम्ही बुडाल आणि तुमचा भाऊ तर आधी बुडेल. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"घाटाखाली भात आहे, सर."

"आधी खात्री करू. समिती नेमू."

"दसऱ्याला वाडे निघतात. समितीच्या आधी मेंढरं पोचतील."

तिने तीन पानी जबानी लिहिली, सही केली आणि एक प्रत थेट जिल्हाधिकाऱ्यांना नेऊन दिली. त्यात दोन मुक्काम होते, आठशे खूर होते, तिचं नाव सहा वेळा होतं आणि धुळाचं एकदाही नव्हतं. त्याने काही फरक पडला नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्या जिल्ह्याला 'धनगरांचा रोग' हे नाव तोंडपाठ झालं होतं. दोन वाड्यांवर दगड पडले. एका घोडीचा डोळा गेला. साठ वाड्यांची अकरा हजार मेंढरं मारायचा हुकूम निघाला, आणि सुरुवात कुठून, तर जिथून निघाली तिथून.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी धुळाने आपला कळप प्लॉटाच्या फाटकावर आणला. डॉक्टर, पोलीस, खोदणारं यंत्र, चुन्याच्या गोण्या, सगळं आधीच हजर होतं. मेंढरं फाटकाशी अडली. कुणी दांडकं उगारलं तसा धुळा ओरडला, "हानू नका! माझ्यामागं येत्याल ती." त्याने जिभेने टक्‌टक्‌ असा आवाज केला आणि पुढे झाला. दोनशे मेंढरं त्याच्यामागे झाडीत शिरली. आत जाताच त्यांनी सवयीने माना खाली घातल्या. खाली काहीच नव्हतं. चाळीस एकरांत गवताची एक काडी नव्हती, नुसता पाचोळा. मेंढरं पाचोळा हुंगत उभी राहिली आणि वैजयंताला पहिल्यांदाच आपल्या जंगलाची भीती वाटली. तिथे एकही पाखरू ओरडत नव्हतं.

"आदी डाव्या कानाला खाच असल्याली घ्या," धुळा डॉक्टरांना म्हणाला. "ती घरच्या लेकीची हायेत. तिच्या डोळ्यांदेखत होऊ द्या."

रागाने म्हणाला की मायेने, ते तिला कळलं नाही. ती एकतीस मेंढरं संपेपर्यंत तिथून हलली नाही. प्रत्येकाचं डोकं तिने धरलं. दुपार कलली तेव्हा सगळं आटोपलं होतं. हौसा आलीच नव्हती.

धुळा खड्ड्याच्या काठाला बसला. वाकून त्याने आपल्या वहाणा काढल्या, एकमेकींवर आपटून माती झाडली आणि खड्ड्यात टाकल्या.

"मेंढरांमागं ह्याच चालल्यात," तो म्हणाला. "ह्याबी पुरा."

वैजयंताला देवराईतला तो गुळगुळीत दगड आठवला. लोकांनी तो पाप पुसायला ठेवलाय असं तेव्हा तिला वाटलं होतं. एका रानाने दुसऱ्या रानात पाऊल टाकू नये म्हणून तो होता, हे कळायला तिला इतकी वर्षं लागली. धुळाला हे सांगावं म्हणून ती वळली, तर तो तिच्या पायांकडे बघत होता. पायांत संस्थेचे रबरी बूट होते, हौदात धुतलेले.

"बुटांचं न्हाई म्हनत मी," तो म्हणाला. "मेंढरं बसवली तवा माझ्या हातच्या वहाना व्हत्या तुझ्या पायांत. कळपात समदीकडं फिरलीस. त्या कुटं हायेत गं, वैजे?"

वहाणा क्वार्टरच्या दाराशी होत्या. आज सकाळीसुद्धा बूट चढवण्याआधी त्याच घालून ती ऑफिसात जाऊन आली होती. डांबरीने नव्हे. पायवाटेने, बियाण्याच्या शेतातून, चार वर्षं, रोज. तिला ती वीतभर रुंदीची पिवळी पट्टी दिसली, गुडघ्याएवढी ताटं दिसली, हसणारा हणमंता दिसला. मग खळं दिसलं, खळ्यावरची धूळ, त्या धुळीसकट भरलेली पोती आणि एकामागोमाग फाटकाबाहेर पडलेले ट्रक.

"वैजे?" धुळाने पुन्हा विचारलं.

खड्ड्यात चुना पडायला लागला होता. यंदा हस्ताचा पाऊस चांगला झाला होता, आणि अकरा जिल्ह्यांत त्याच ओलीवर शाळूची पेरणी आटपून आठवडा झाला होता.